पंच हसला, तिथेच मॅच संपली

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड भरावा लागायचा, त्यामुळे माझं मराठी घरात, गल्लीत आणि मैदानावर तयार झालं. मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. "शुद्धलेखन आम्ही बघतो, तू फक्त लिही," असं आश्वासन मिळालं, म्हणून हे धाडस करतोय. चूकभूल द्यावी घ्यावी!

विषय आहे खेळातल्या बेशिस्त वागण्याचा, आणि त्याहीपेक्षा, ते वागणं समोर घडत असताना पंचाने काय करावं याचा. हा विषय मी पुस्तकातून निवडला नाही. गेल्या वर्षीच्या स्पोर्ट्स वीकमध्ये मी स्वतः पंच होतो आणि मी जे केलं ते चुकीचं होतं, म्हणून निवडला.

त्या दिवशी काय झालं

इंटर-ब्रांच क्रिकेटची सेमीफायनल होती. मेकॅनिकल विरुद्ध सिव्हिल, बारा ओव्हरची, हार्ड टेनिस बॉलवर. आमची ई अँड टीसी पहिल्याच राऊंडला गारद झाली होती आणि माझा घोटाही मुरगळलेला होता. साहजिकच "तू रिकामाच आहेस, अंपायरिंग कर" असं फर्मान निघालं. मी तेव्हा एस. ई.ला होतो.

तिसऱ्या ओव्हरला मेकच्या बोलरने विकेटकीपरच्या कॅचचं अपील केलं. मला बॅटचा आवाज आला नव्हता, म्हणून मी नॉट आऊट दिलं. बोलर बी. ई.चा, आमच्याच हॉस्टेलच्या विंगमधला. त्याच्या मॅथ्सच्या नोट्स अजून माझ्याकडे होत्या. तो चालत माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी एक सणसणीत शिवी त्याने मला हासडली. मैदान हसलं. आणि मित्रांनो, मीसुद्धा हसलो! म्हटलं, सीनियर आहे, रात्री मेसमध्ये त्याच्याच शेजारी बसायचंय, कशाला वाढवा.

पुढच्या पाच ओव्हर मैदानावर शिव्यांचा पाऊस पडला. मेकवाल्यांना काही बोललो नव्हतो, मग सिव्हिलवाल्यांना कुठल्या तोंडाने बोलणार? आठव्या ओव्हरला सिव्हिलच्या एका एफ. ई.च्या मुलाने त्याच बोलरला चौकार मारला. पुढचा बॉल त्याने नुसता तटवला. बोलरने फॉलो-थ्रूमध्ये तो उचलला आणि क्रीझमध्ये उभ्या असलेल्या त्या पोरावर फेकून मारला. बॉल डोळ्याच्या खाली लागला. दोन्ही टीम धावून आल्या, कोणीतरी स्टंप उपटला आणि पुढची दहा मिनिटं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मॅच रद्द झाली. जिमखान्याने उरलेली सगळी टुर्नामेंटही रद्द केली.

त्या मुलाचा डोळा सुजून बंद झाला. चार दिवसांनी त्याची ग्राफिक्सची परीक्षा होती. एका डोळ्याने ड्रॉइंग काढून बघा, म्हणजे कळेल. विषय राहिला. बोलरला डिसिप्लिनरी कमिटीसमोर उभं राहावं लागलं, घरून वडिलांना बोलावलं.

मी त्या मुलाला भेटायला गेलो तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. "दादा, त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा शिवी दिली, तेव्हा तुम्ही हसलात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या लेखातला बराचसा अभ्यास त्या प्रश्नामुळे झालाय.

चिडणं वेगळं, बेशिस्त वेगळी

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. खेळाडूने पुतळ्यासारखं खेळावं असं कोणीच म्हणत नाही. आऊट झाल्यावर बॅट्समनने मान हलवली, गोल हुकल्यावर फॉरवर्डने डोकं धरलं, कॅच सुटल्यावर फील्डर स्वतःलाच दोन शब्द बोलला, तर पंचाने तिथे नाक खुपसायचं कारण नाही. तसंच नियमभंग आणि बेशिस्त यातही फरक आहे. नो-बॉल पडणं, फाऊल होणं हा खेळाचाच भाग आहे आणि त्याची शिक्षा खेळातच ठरलेली आहे.

मग रेषा कुठे ओढायची? मी स्वतःसाठी तीन प्रश्न तयार केलेत. हे वागणं कोणा माणसावर रोखलेलं आहे का? ते सगळ्यांना दिसेल किंवा ऐकू येईल असं केलंय का? आणि त्यातून समोरचा पेटून उठेल किंवा कोणाला इजा होईल, अशी शक्यता आहे का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर सोडून द्यावं. एकाचं जरी "हो" असेल तर पंचाने दखल घ्यायलाच हवी, निदान एका शब्दाने. तिन्हींचं "हो" असेल तर नियमाचं पुस्तक उघडण्याची वेळ आली म्हणून समजा. गेल्या वर्षीच्या त्या शिवीला तिन्ही उत्तरं "हो" होती.

ट्रॅफिक सिग्नलवरून आलेली कल्पना

फुटबॉलमधल्या पिवळ्या आणि लाल कार्डांमागची गोष्ट इंजिनीअरला आवडेल अशी आहे. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांची क्वार्टर फायनल होती. जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कॅप्टन रॅटिन याला मैदानाबाहेर काढलं. रेफरीला स्पॅनिश येत नव्हतं, रॅटिनला जर्मन येत नव्हतं. तो कितीतरी मिनिटं मैदान सोडायलाच तयार नव्हता. त्याच मॅचमध्ये इंग्लंडच्या खेळाडूंनाही आपल्याला ताकीद मिळाली आहे की नाही, हे धड कळलं नव्हतं.

त्या स्पर्धेतल्या रेफरींची जबाबदारी केन ॲस्टन या इंग्लिश रेफरींकडे होती. घरी जाताना लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर ते सिग्नलला थांबले आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पिवळा म्हणजे जरा सांभाळून, लाल म्हणजे थांब! १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून कार्डं सुरू झाली. गंमत म्हणजे त्या अख्ख्या स्पर्धेत एकही लाल कार्ड निघालं नाही.

यातून मी काय शिकलो? ताकीद दिली एवढं पुरेसं नाही. ती कोणाला दिली आणि कशासाठी दिली हे खेळाडूला, त्याच्या कॅप्टनला, समोरच्या टीमला आणि स्कोअररलाही कळलं पाहिजे. पुटपुटून दिलेली ताकीद दिल्यासारखी नसतेच.

प्रत्येक खेळाची शिडी

जवळजवळ सगळ्याच खेळांनी शिक्षेची एक शिडी ठरवून दिली आहे. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि लाल म्हणजे त्या सामन्यातूनच बाहेर. हॉकीत हिरव्या कार्डालाच दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, पिवळ्याला कमीत कमी पाच मिनिटं आणि लाल म्हणजे सामना संपला. बॅडमिंटनमध्ये पिवळं ताकदीचं नव्हे, ताकिदीचं (हा विनोद संपादकांनी ठेवला तर बरं!), लालला समोरच्याला पॉईंट आणि काळं कार्ड म्हणजे थेट बाद.

क्रिकेटमध्ये बरीच वर्षं अशी शिडी मैदानावर नव्हती. आंतरराष्ट्रीय सामन्यांत अंपायर तक्रार करतात आणि मॅच रेफरी निकाल देतो. म्हणजे फिर्यादी आणि न्यायाधीश वेगळे, ही उत्तम सोय आहे. पण आपल्यासारख्या गल्ली-कॉलेजच्या मॅचला मॅच रेफरी कुठून आणणार? एमसीसीने १ ऑक्टोबर २०१७ पासून जे नवे लॉज लागू केले, त्यातल्या ४२ व्या लॉमध्ये ही सोय झाली. त्यात गुन्ह्यांच्या चार पातळ्या आहेत.

पहिल्या पातळीत अंपायरच्या निर्णयावर नाराजी दाखवणं, शिवीगाळ, अति अपील करणं, अंपायरच्या अंगावर धावून जात अपील करणं असे प्रकार येतात. पहिल्यांदा घडलं तर पहिली आणि शेवटची ताकीद. ही ताकीद त्या एका खेळाडूला नसते, सगळ्या टीमला असते. त्यानंतर त्या टीममधल्या कोणीही पहिल्या पातळीचा गुन्हा केला, तरी समोरच्या टीमला पाच धावा मिळतात.

दुसऱ्या पातळीत मुद्दाम धक्का देणं, धोकादायक पद्धतीने खेळाडूवर किंवा अंपायरवर बॉल फेकणं वगैरे. इथे ताकीद नाही, थेट पाच धावा. तिसऱ्या पातळीत अंपायरला दमदाटी किंवा दुसऱ्या कोणाला मारण्याची धमकी. पाच धावा, शिवाय मर्यादित ओव्हरच्या मॅचमध्ये डावाच्या एक पंचमांश ओव्हर तो खेळाडू बाहेर. म्हणजे वीस ओव्हरच्या डावात चार ओव्हर, आणि त्याच्या जागी बदली खेळाडू मिळत नाही. चौथी पातळी म्हणजे अंपायरला मारण्याची धमकी, त्याला मुद्दाम धक्का, किंवा कोणालाही मारहाण. पाच धावा आणि उरलेली मॅच बाहेर.

आता हेच आमच्या सेमीफायनलला लावून बघा. तिसऱ्या ओव्हरची शिवी ही निदान पहिली पातळी. मी तिथेच खेळ थांबवून कॅप्टनला ताकीद दिली असती, तर मेकच्या अकराही जणांना कळलं असतं की पुढच्या शिवीला पाच धावा जाणार आहेत. सेमीफायनलमध्ये पाच धावा म्हणजे गंमत नाही. त्यांच्या कॅप्टननेच त्याला गप्प केलं असतं. मला फार काही करावंही लागलं नसतं.

उशीर आणि अतिरेक

आमच्या टी. ई.ला कंट्रोल सिस्टीम्स हा विषय आहे. त्यात शिकवतात की फीडबॅकला फार उशीर झाला तर सिस्टीम हाताबाहेर जाऊ शकते. हे वाचताना मला तिसरी आणि आठवी ओव्हर आठवली. माझा फीडबॅक पाच ओव्हर उशिरा आला. आठव्या ओव्हरला मी जीव तोडून "थांबा, थांबा" ओरडत होतो, पण तोपर्यंत कोणी माझं ऐकणारच नव्हतं.

त्याच विषयात दुसरीही गोष्ट शिकवतात. गेन भलताच वाढवला तरी सिस्टीम हेलकावे खायला लागते. म्हणजे शिक्षा अति झाली किंवा पंच स्वतःच पेटला तरी मॅच जाते. याची उदाहरणं मोठ्या मैदानांवरच सापडतात.

१९८७ च्या डिसेंबरमध्ये फैसलाबादला पाकिस्तान-इंग्लंड टेस्ट चालू होती. इंग्लंडचा कॅप्टन माईक गॅटिंग याने बॅट्समनच्या नकळत फील्डर हलवला, असं म्हणत स्क्वेअर लेगचे अंपायर शकूर राणा यांनी खेळ थांबवला. मग दोघांची एकमेकांकडे बोटं नाचवत अशी जुंपली की तो फोटो आजही दाखवला जातो. माफी मिळाल्याशिवाय मी उभा राहणार नाही, असं राणांनी जाहीर केलं. तिसऱ्या दिवशी एकही बॉल पडला नाही. शेवटी गॅटिंगने हाताने लिहिलेली माफीची चिठ्ठी दिली, तेव्हा मॅच पुढे सरकली. कॅप्टन चुकलाच, अंपायरशी तसं बोलायचं नसतं. पण अंपायर भांडणातला एक पक्ष झाला की मग निवाडा करायला मैदानावर कोण उरतं?

दुसरं उदाहरण ऑगस्ट २००६ चं, लंडनच्या ओव्हल मैदानावरचं. डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह या अंपायरनी बॉलशी छेडछाड केल्याचं ठरवून पाकिस्तानला पाच धावांचा दंड केला. टी-नंतर निषेध म्हणून पाकिस्तानची टीम वेळेवर मैदानात आली नाही. अंपायरनी बेल्स काढल्या आणि मॅच इंग्लंडला बहाल केली. टेस्टच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. पुढे मॅच रेफरी रंजन मदुगले यांनी इंझमामला छेडछाडीच्या आरोपातून मोकळं केलं, पण खेळाची बदनामी केल्याबद्दल चार वन-डेंची बंदी घातली. मॅचचा निकाल २००८ मध्ये बदलून ड्रॉ केला गेला आणि २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडच्या नावावर आला!

टीमने मैदानात न येणं चूकच होतं. पण मला वाटतं, कागदावरचा नियम बरोबर असला तरी एवढा मोठा आरोप ठेवताना समोरच्या कॅप्टनला नीट समजावणं, आणि शेवटचं टोक गाठण्याआधी सगळे दरवाजे ठोठावणं, हीसुद्धा पंचाचीच जबाबदारी आहे.

कॅप्टन आणि मॅनेजर कशासाठी असतात?

आमच्या बाबांच्या पिढीला १९८१ ची मेलबर्न टेस्ट पाठ आहे. सुनील गावसकर कॅप्टन होते. डेनिस लिलीच्या बॉलवर त्यांना एलबीडब्ल्यू दिलं. बॉल बॅटला लागून पॅडवर गेला असं त्यांचं म्हणणं होतं. परत जाताना लिलीशी शब्दाला शब्द लागला, गावसकर मागे फिरले आणि पार्टनर चेतन चौहान यांनाही घेऊन निघाले! दोघं बाऊंड्री ओलांडून गेले असते तर भारत ती मॅच गमावून बसला असता. पण मॅनेजर विंग कमांडर शाहिद दुर्राणी सीमेवर येऊन उभे राहिले, त्यांनी चौहानना परत पाठवलं आणि दिलीप वेंगसरकर बॅटिंगला आत गेले. पुढे कपिल देवने पाच विकेट काढल्या, ऑस्ट्रेलिया ८३ वर ऑल आऊट झाली आणि भारताने ५९ धावांनी मॅच जिंकली. गावसकरांनी नंतर त्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला आहे.

एवढा मोठा खेळाडूसुद्धा एका क्षणी डोक्यात राख घालून घेतो, मग आपल्या बी. ई.च्या पोराचं काय! अशा क्षणी खेळाडूशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या बाजूचा, पण शांत डोक्याचा माणूस शोधायचा असतो. म्हणूनच ४२ वा लॉ अंपायरला सांगतो की आधी कॅप्टनला बोलवा. फुटबॉलमध्येही २०२४ च्या युरो स्पर्धेत रेफरीशी बोलायला फक्त कॅप्टनने यायचं, हा नियम कडकपणे लावला गेला. दहा जणांनी रेफरीला घेराव घालायचा प्रकार त्यामुळे आटोक्यात राहतो.

नाव मोठं असेल तर?

माझी खरी अडचण इथेच होती. मला नियम अगदीच ठाऊक नव्हते असं नाही, समोरच्याची भीती होती. म्हणून ही दोन उदाहरणं मी मुद्दाम लक्षात ठेवली आहेत.

१९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जॉन मॅकेन्रो मिकाएल पर्नफोर्सविरुद्ध खेळत होता आणि सेटमध्ये पुढे होता. लाइन जज बाईंकडे रोखून बघितल्याबद्दल पहिली ताकीद, रॅकेट आपटल्याबद्दल पॉईंटचा दंड, आणि शिवीगाळ केल्याबद्दल थेट बाद! त्या वर्षी शिडीची एक पायरी कमी झाली होती, चारची तीन, आणि ते मॅकेन्रोच्या लक्षातच नव्हतं. चेअर अंपायर जेरी आर्मस्ट्राँग यांनी मात्र नाव न बघता पायऱ्या मोजल्या.

दुसरं, २०२० चं यूएस ओपन. नोव्हाक जोकोविच अव्वल मानांकित होता. सर्व्हिस गमावल्याच्या रागात त्याने मागे बॉल मारला, तो लाइन जज बाईंच्या गळ्याला लागला. तिला मारायचा त्याचा हेतू नव्हता, हे सगळ्यांनीच मान्य केलं. तरी तो स्पर्धेतून बाद झाला. हेतू नव्हता, पण निष्काळजीपणा होता आणि इजा झाली होती. जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूला हा नियम लागतो, तर आमच्या विंगच्या सीनियरला का नाही?

आणि आपण पाहिलंच नसेल तर? २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानने मातेराझ्झीला छातीवर डोकं मारलं, ते रेफरी होरासिओ एलिझोंडो यांना दिसलं नव्हतं. त्यांनी अंदाजाने काही केलं नाही, आणि सोडूनही दिलं नाही. सहकाऱ्यांना विचारलं. चौथे पंच मेदिना कांतालेहो यांनी पाहिलं होतं. मग ११० व्या मिनिटाला लाल कार्ड निघालं. विचारण्यात कमीपणा नसतो.

आपल्या मैदानासाठी

जिमखान्याच्या सरांनी या वर्षी विद्यार्थी पंचांसाठी एक पान तयार करायला सांगितलं. ते काम मी मागून घेतलं. त्यातले मुद्दे इथे देतोय.

१. टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना शिडी वाचून दाखवा. "शिवीला ताकीद, दुसऱ्या शिवीला पाच धावा" हे आधीच सांगितलेलं असेल तर नंतर कोणी "हे कुठून काढलं?" म्हणत नाही.

२. पहिला प्रकार घडला की तिथेच दखल घ्या. बॉल डेड होऊ द्या, खेळ थांबवा, दुसऱ्या पंचाशी बोला, मग कॅप्टनला बोलवा.

३. बोलताना आवाज खाली ठेवा. बोट दाखवू नका, हात लावू नका, गर्दीत बोलू नका. दोन वाक्यांत संपवा. "तुमच्या या खेळाडूने हे केलं. ही तुमच्या टीमला पहिली आणि शेवटची ताकीद." पुढे चर्चा नाही.

४. धमकी देताना जपून. जी शिक्षा आपण देऊ शकत नाही ती बोलूच नये.

५. आपला निर्णय चुकला असेल तरी त्याची भरपाई दुसरा चुकीचा निर्णय देऊन किंवा बेशिस्तीकडे कानाडोळा करून करू नका. मलाही मनातून वाटत होतं की कदाचित बॅट लागली असेल, म्हणूनच मी शिवी गिळली. निर्णय चुकीचा असू शकतो, म्हणून शिवी बरोबर ठरत नाही.

६. दोन्ही टीमना एकच माप लावा. आपल्या ब्रांचच्या मॅचला आपण पंच राहू नये. नाइलाज असेल तर आधीच सांगावं.

७. मारामारी सुरू झाली तर मध्ये घुसू नका. लागलेल्या खेळाडूकडे आधी बघा, दोन्ही कॅप्टनना आपापली माणसं मागे घ्यायला सांगा, कोणी काय केलं ते लक्षात ठेवा. अंधार, गर्दी, स्टंप हातात असलेली माणसं असतील तर मॅच थांबवण्यात कसलीही लाज नाही.

८. मॅच संपल्यावर त्याच दिवशी लिहून द्या. किती वाजता, कितवी ओव्हर, कोण, काय बोलला, आपण काय केलं. "उद्धट वागला" असं लिहू नका, जे ऐकलं आणि पाहिलं तेच लिहा. आपलं मत लिहिलं की वाद होतो.

मी गेल्या वर्षीचा रिपोर्ट तीन दिवसांनी लिहिला होता, तोही कमिटीने मागितल्यावर. तिसऱ्या ओव्हरचा उल्लेख मी त्यात केलाच नव्हता. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

शेवटी

या वर्षीच्या स्पोर्ट्स वीकमध्ये मी पुन्हा पंच झालो. पहिल्याच मॅचला, दुसऱ्या ओव्हरला, कॉम्पच्या एकाने वाइडवरून मला काहीतरी सुनावलं. पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू! पण खेळ थांबवला, कॅप्टनला बोलावलं, दोन वाक्यं बोललो. आवाज जरा कापला असेल. मैदान हसलं नाही. मॅच बारा ओव्हर नीट चालली आणि कॉम्प जिंकली. संध्याकाळी कँटीनमध्ये तो मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. दोन दिवसांनी बघायला लागला.

गेल्या वर्षीचा तो बोलर आता पास आऊट होऊन नोकरीला लागलाय. हा लेख लिहायच्या आधी मी त्याला फोन करून विचारलं की तुझं नाव न घेता लिहू का? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिही. पण एक लिही, त्या दिवशी मला कोणी थांबवलं असतं तर बरं झालं असतं."

मला वाटायचं की ताकीद न देणं म्हणजे मैत्री निभावणं. प्रत्यक्षात मी माझ्या सीनियरला तिसऱ्या ओव्हरपासून आठव्या ओव्हरपर्यंत एकटं सोडलं होतं, आणि त्याची किंमत एका एफ. ई.च्या पोराने मोजली. त्याने ग्राफिक्स यंदा सोडवला, हे जाता जाता सांगतो. आता तो सिव्हिलच्या टीमचा ओपनर आहे आणि पंचांच्या यादीतही त्याने नाव दिलंय.

मित्रांनो, पंच म्हणून उभे राहाल तेव्हा एवढंच करा, पहिल्या शिवीला हसू नका.